वीस किलोची डोलकाठी तिघांना का आवरेना

सोलापुरात शिडाची बोट घेतली असं सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "पाणी कुठंय?" काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात हा प्रश्न रास्तच म्हणायचा. पण पाणी आहे. तुळजापूर रोडला हिप्परग्याचा तलाव आहे, इंग्रजांच्या काळातला, १८७१ साली पुरा झालेला. आणि भीमेवरचं उजनी आहे. उजनी ‘मायनसमध्ये गेलं’ अशी बातमी आली की आपल्या पोटात गोळा येतो, पण शून्य टक्के म्हणजे सुद्धा ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा असतो. एकोणीस फुटी बोटीला तेवढं पुष्कळ झालं.

बोट दाजींनी घेतली, पुण्याहून, जुनी, ट्रेलरसकट. ट्रेलरवर बसणाऱ्या या छोट्या बोटींची गंमत अशी की त्यांना बंदर लागत नाही. जीपला जोडायची, मोहोळ-मोडनिंब-टेंभुर्णी करत धरणाकडे न्यायची, परवानगीचा कागद दाखवून पाण्यात सोडायची आणि संध्याकाळी परत आणून दारात लावायची. फक्त रस्त्यावरून नेताना डोलकाठी आडवी ठेवावी लागते आणि पाण्यावर जाण्याआधी उभी करावी लागते. ती उभी कशी करायची, हे विकणाऱ्यानं एका वाक्यात सांगितलं होतं: "दोघं असले की होतं."

आम्ही तिघं होतो. विजापूर रोडच्या मोकळ्या प्लॉटवर, रविवारी सकाळी. काठी अॅल्युमिनियमची, सात मीटर लांब, वजन वीस किलो. दाजी म्हणाले, "ज्वारीच्या कट्ट्याच्या निम्मीसुद्धा नाही, चला!" निम्म्यापर्यंत ती आलीही. मग सावकाश डावीकडे झुकायला लागली. आम्ही तिला उजवीकडे ढकललं, तर ती जास्तच जोरात उजवीकडे गेली. पुढच्या तीन सेकंदांत काय झालं ते तिघं तीन प्रकारे सांगतात. काठी ट्रेलरच्या मडगार्डवर आदळली, एक टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा स्क्रू, केळ्यासारखा वाकला, आणि माणसं वाचली.

वीस किलो वजन तिघांना का आवरलं नाही, याचं उत्तर नंतर आम्हाला हळूहळू कळलं. ते वजनात नव्हतंच.

आधी रचना बघू. डोलकाठीचं बूड बोटीच्या कॅबिनच्या छतावर एका बिजागरीत बसतं. आरपार एक बोल्ट. काठी मागच्या बाजूला आडवी पडलेली असते, बोटीपेक्षा लांब असल्यानं शेपटीसारखी मागे आलेली. तिला बिजागरीवर फिरवत उभी करायची. उभी झाली की तिला तारा धरून ठेवतात. पुढची तार बोटीच्या नाकाकडे जाते, तिला फोरस्टे म्हणतात. दोन्ही अंगांच्या तारा म्हणजे श्राउड, त्या बोटीच्या कडांना डेकमधल्या लोखंडी कानांत अडकतात. काही बोटींना मागेही एक तार असते. मंडपवाले बांबूला चार बाजूंनी ताण देतात तसाच हा प्रकार, फक्त सुतळीऐवजी स्टीलची तार आणि गाठीऐवजी टर्नबकल.

आता जोराचं बघू. घरातली लांब शिडी जमिनीवरून उभी करताना आपण काय करतो? एकजण बुडावर पाय ठेवतो, दुसरा टोक उचलतो आणि हात बदलत बदलत बुडाकडे चालत जातो. सुरुवातीला टोकाशी हात असतो, म्हणून हलकं वाटतं. जसजसे आपण बुडाकडे सरकतो तसतसं ती जड होते, कारण आता आपण तिला बुडाजवळ धरलेलं असतं. बरोबर मध्यावर, पंचेचाळीस अंशांच्या आसपास, ती सगळ्यात जड लागते. पुढे परत हलकी होते, कारण वजन बुडाच्या वर आलेलं असतं. आमच्या काठीचा हिशेब केला तर तो सगळ्यात जड क्षणसुद्धा वीस किलोच्या आसपासच येतो. म्हणजे जोर एका माणसाचा आहे. पण शिडी अंगणात उभी करतो, तिथं पायाखाली सपाट जमीन असते. बोटीत तुम्ही मागच्या खळग्यातून कॅबिनच्या छतावर चढताय, दोन्ही हात वर गुंतलेत, पायाखाली दोऱ्या, झाकणं, खुंट्या. आणि हे चढणं नेमकं त्या मधल्या, सगळ्यात जड क्षणीच येतं. पाय घसरला की काठी डोक्यावर.

मडगार्डचं डेंटिंग करायला आलेले वेल्डिंगवाले अण्णा बोअरची मोटर काढायचंही काम करतात. तिवई लावायची, चेन कप्पी अडकवायची, दोनशे फूट खोलीवरची मोटर पाइपासकट वर घ्यायची. त्यांनी बोटीकडे दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "उचलताय कशाला? ओढा की. आणि ओढायच्या आधी बाजूनं बांधा." जगभरचे छोट्या बोटींचे लोक जे करतात ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य आधी घेतो.

ओढायचं म्हणजे बोटीच्या नाकाला कप्पी लावून दोरी काठीच्या टोकाला बांधायची आणि खेचायचं, असं आम्हाला वाटलं. हे करून बघू नका. काठी आडवी पडलेली आहे आणि दोरी नाकापासून काठीच्या टोकापर्यंत जवळजवळ काठीला समांतरच जाते. अशी दोरी खेचली की ती काठीला वर उचलत नाही, बिजागरीत ठेचते. दार बिजागरीकडे दाबलं तर उघडत नाही, तसं. आकडे सांगतो. काठी मागे कैचीवर, म्हणजे आडव्या काठीला आधार देणाऱ्या टेकूवर, टेकवून दहा अंश वर केलेली आहे, दोरी बुडापासून सहा मीटरवर बांधली आहे आणि नाक बुडाच्या दोन मीटर पुढे आहे असं धरा. वीस किलोची काठी हलवायला त्या दोरीत सुमारे २६५ किलोचा ताण लागतो. एवढ्यात काठी वाकेल, नाहीतर बिजागरीचा बोल्ट तरी छताचं फायबर फाडून बाहेर येईल.

म्हणून मध्ये एक आखूड काठी लावतात. तिला जिन पोल म्हणतात. डोलकाठीच्या बुडाशीच हिचंही बूड, पण ही सरळ उभी, डोलकाठी आडवी असताना. दोन्ही मिळून इंग्रजी एल अक्षर झालं. दोरी डोलकाठीवरून आधी या आखूड काठीच्या शेंड्याला येते आणि तिथून खाली नाकाकडे जाते. आता तुम्ही शेंडा पुढे खेचलात की तो डोलकाठीला वर घेतो. विहिरीच्या रहाटाला जसा दांडा लांब तसं पाणी हलकं, तेच इथं. आखूड काठी दोन मीटरची घेतली तर तो २६५ किलोचा ताण ५० किलोवर येतो. काठी तीच, बोट तीच. फक्त दोरीचा कोन बदलला.

पन्नास किलोही हातानं खेचायला जास्तच. पण शिडाच्या बोटीवर शीड ओढायच्या दोरीला चार पदरी कप्पी आधीच असते. तीच सोडवून इथं लावायची. पन्नास भागिले चार, वर थोडं घर्षण, म्हणजे पंधरा किलो. पाण्यानं भरलेली बादली. आणि तेही खाली बसून, दोन्ही पाय रोवून. दमलात तर दोरी खुंट्याला वेढा घालून थांबा, चहा प्या. हातानं उचलण्यात तो थांबा कुठंच नव्हता.

इथं जड क्षण सगळ्यात आधी येतो, हे लक्षात असू द्या. काठी कैचीवरून पहिली वीतभर उठते तेव्हा दोरीवर पूर्ण ताण असतो, मग तो कमी कमी होत जातो. साठ अंशांवर निम्म्याहूनही कमी. म्हणून पहिल्या वीतभरातच थांबून सगळ्या गाठी, कप्प्या बघून घ्यायच्या. काही तुटणार असेल तर तेव्हाच तुटेल, आणि काठी पडली तर वीतभरच पडेल.

अण्णांनी जिन पोल दोन इंची जीआय पाइपचा केला, खाली फाट्यासारखं तोंड, वर दोन कान. टेप घेऊन तीनदा मापं घेतली आणि "ही कशाला लागते म्हणून सांगू गिऱ्हाइकाला?" असं विचारत हसत बसले.

आता अण्णांचं दुसरं वाक्य, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बाजूनं बांधा.

आमची काठी डावीकडे का गेली? बाजूच्या तारा तर लावलेल्या होत्या. पण त्या तारा काठी पूर्ण उभी असतानाच ताठ होतील अशा मापाच्या असतात. काठी निम्म्यावर असताना त्या सैल लोंबतात. का, ते घरच्या दाराशी उभं राहून समजून घ्या. दाराच्या कडीला सुतळी बांधा आणि दुसरं टोक वरच्या बिजागरीला बांधा. दार उघडा, मिटा, सुतळी जशीच्या तशी राहते, ना सैल ना ताठ. आता बिजागरीचं टोक सोडून ते दाराच्या मागच्या भिंतीतल्या खिळ्याला, दार पूर्ण उघडं असताना, बांधा. दार मिटायला गेलात की सुतळी अडवेल. तोच खिळा चौकटीच्या दुसऱ्या अंगाला ठोका, उघड्या दाराला सुतळी ताठ बांधा आणि दार मिटा, सुतळी सैल पडेल. म्हणजे दार ज्या रेषेभोवती फिरतं त्या रेषेवरच्या कुठल्याही जागी दोरी बांधली तर तिची लांबी बदलत नाही. रेषा सोडून बाजूला कुठंही बांधली तर बदलते.

बोटीत ही रेषा कुठली? बिजागरीचा तो आडवा बोल्ट. तो मनानं डावीकडे-उजवीकडे बोटीच्या कडेपर्यंत लांबवा. श्राउडचे कान त्या रेषेवर असते तर प्रश्नच नव्हता. पण बहुतेक बोटींत ते बोल्टच्या थोडे मागे असतात आणि खालीही, कारण बिजागरी कॅबिनच्या छतावर आणि कान खाली कडेला. या दोन्ही कारणांनी काठी मागे पडलेली असताना तारा सैल. त्या ताठ होतात अगदी शेवटच्या काही अंशांत. तोवर सात मीटरची काठी एका बोल्टवर, बाजूनं कुणाचाही आधार नसताना, उभी असते. वारा, ट्रेलरचा कल, ढकलणाऱ्याचा उजवा हात डाव्यापेक्षा जोरकस, काहीही पुरतं.

उपाय म्हणजे तात्पुरत्या दोन बाजूदोऱ्या. डोलकाठीवर साधारण दीड-दोन मीटर उंचीला बांधायच्या आणि दोन्ही अंगांना त्या मनातल्या रेषेवर अडकवायच्या. रेषेवर डेकमध्ये कडी नसेल तर एक सुटी कडी घेऊन ती पुढच्या-मागच्या खुंट्यांना दोन दोऱ्यांनी अशी ताणायची की कडी बरोबर बोल्टच्या उंचीला, बोल्टच्या सरळ रेषेत तरंगेल. आम्ही हे जमवायला पूर्ण दुपार घालवली. दाजी एका डोळ्यानं बोल्टच्या भोकातून बघत होते आणि "बोटभर वर, अजून, खाली घे" असं चाललं होतं, पतंगाला मंगळसूत्र बांधताना चालतं तसं. पण जमल्यावर काठी वर गेली ती एका रुळावरून गेल्यासारखी. तशाच दोन दोऱ्या आखूड काठीलाही लावायच्या, नाहीतर ती कलंडते आणि मग सगळंच कलंडतं.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. लहानपणापासून बघतोय, पण त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं की मी काय बघत होतो. बाराबंदीतला पेलणारा मानकरी काठीचं वजन पेलतो हे खरं, पण त्याचं सगळं लक्ष शेंड्यावर असतं. शेंडा वीतभर कलला की त्याचं पाऊल त्या बाजूला पडलेलं असतं. यात्रेआधी सराव चालतो तो याच कलण्याचा. आपण बोटीवर पावलं टाकून काठी सावरू शकत नाही, म्हणून ते काम दोऱ्यांकडे द्यायचं.

ट्रेलर सपाट जागी हवा हे त्याच कारणानं. तो बाजूला पाच अंश कलला तर उभ्या काठीचा शेंडा दोन फूट बाजूला जातो. पाण्याची अर्धी बाटली डेकवर आडवी ठेवली की कल दिसतो. ट्रेलर जीपला जोडलेलाच ठेवा आणि चाकांना दगड लावा. सुटा ट्रेलर, मागे तुम्ही चढलात की सी-सॉसारखा उलटा होतो.

आता वर बघा. हे मी मुद्दाम आधी नाही सांगितलं, कारण आधी सांगितलं की लोक मान हलवतात आणि विसरतात. ट्रेलरवरच्या बोटीची बिजागरी जमिनीपासून पावणेदोन-दोन मीटरवर, त्यावर सात मीटर काठी. शेंडा जवळजवळ नऊ मीटरवर. विजेच्या तारांचे नियम असे आहेत की रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची तार किमान ६.१ मीटर उंच असावी, आणि रानातून जाणारी उघडी तार ४.६ मीटरवरही चालते. ही नियमातली उंची. वाकलेल्या पोलावरची, मे महिन्यात चाळीसच्या वरच्या उन्हात लांबून झोळ पडलेली तार किती खाली येते ते आपण शेतात रोज बघतो. या तारांवर प्लास्टिक नसतं. डोलकाठी अॅल्युमिनियमची, तिच्या तारा स्टीलच्या, आणि बोटीला हात लावून उभे असतो आपण. अमेरिकेतल्या होबी कॅटच्या छोट्या बोटींना डोलकाठीचा वरचा तुकडा फायबरचा बसवायला लागले तो याच अपघातांमुळे.

काठी उभी करताना लोक वर बघतातच. गाफीलपणा नंतर होतो. काठी उभी झाली, फोटो काढून झाले, आणि तशीच उभी ठेवून जीप शंभर मीटर पुढे पाण्याकडे नेली. उजनीच्या काठाला उपसा सिंचनाच्या मोटारी आहेत, त्यांच्या लाइनी थेट पाण्यापर्यंत आल्यात. आणि काठ स्थिर नाही. भरलेल्या धरणात पाणी रस्त्याला लागतं, उन्हाळ्यात तेच काळ्या गाळाच्या पल्याड गेलेलं असतं, म्हणजे गेल्या वेळची वाट यंदाची वाट नसते. आमचा नियम असा, कुणी सांगितलेला नाही, आमचाच: काठी उभी करण्याआधी एकानं तिथून पाण्यापर्यंत चालत जायचं, मान वर करून. तो परत येईपर्यंत कप्पीला हात लावायचा नाही.

बाकीचं लवकर सांगतो. सकाळी करा, वारा पडलेला असतो. पावसाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा असा सुटतो की काठी शिट्टी वाजवते. ओढताना एकानं फक्त बघायचं काम करायचं, बाकी काही नाही. त्याची नजर तारांवर. तार झाकणाच्या कडीत अडकली, खुंट्यामागे गेली, टर्नबकल आडवा पडून राहिला, की त्यानं "थांब" ओरडायचं. आमचा टर्नबकल असाच वाकला होता. आडवा पडलेला होता, तार ताठ झाली आणि त्याला सरळ व्हायला जागाच उरली नाही. कप्पी अचानक जड लागली तर जोर लावू नका. काहीतरी अडकलेलं असतं. चार पदरी कप्पीला ते अडकलेलं तोडायला फार वेळ लागत नाही.

काठी उभी झाली की आधी फोरस्टेची पिन आणि पिनेला रिंग. मगच कप्पीचा ताण सोडायचा. टर्नबकल फिरवताना डावी-उजवी आलटून पालटून, सारख्या फेऱ्या. शेवटी बुडाशी डोळा लावून काठीच्या, शीड बसायच्या खाचेतून वर बघायचं. खाच सरळ दिसली की झालं.

उतरवताना जास्त जपायला हवं, कारण दिवसभर ऊन खाल्लेलं असतं आणि सगळ्यांना टेंभुर्णीला मिसळ दिसत असते. फोरस्टे ही सगळ्यांत साधी दिसणारी तार, पण तीच एकटी काठीला मागे पडण्यापासून धरून असते. तिची पिन काढण्याआधी आखूड काठी, बाजूदोऱ्या, कप्पी सगळं परत जागेवर लावायचं, कप्पी ताणायची, फोरस्टे सैल पडलेली डोळ्यानं बघायची. मग पिन. मग दोरी खुंट्याला वेढा घालून हळूहळू सोडायची. इथं जड क्षण शेवटी येतो, काठी कैचीपासून वीतभर वर असताना, म्हणून "झालं झालं" म्हणत दोरी ढिली सोडायची नाही.

पिनांच्या रिंगा आम्ही स्टीलच्या पानसुपारीच्या डब्यात ठेवतो. किल्ल्यांच्या रिंगेसारख्या, पण करंगळीच्या नखाएवढ्या. निघताना अकरा, परतताना अकरा. मागच्या खेपेला दहाच भरल्या. काळ्या गाळात तिघं वाकून शोधत होतो, गुराख्याची दोन पोरंही येऊन शोधायला लागली. शेवटी सापडली ती अण्णांनी ठोकून सरळ केलेल्या मडगार्डच्या खोबणीत.